विटल्या पदराची हकीकत

श्री. बुद्धीच्या दात्यास नमन, वाचणारांस आयुष्य, आणि लिहिणाराचे हातून खोटे अक्षर न पडो. शके सोळाशे चौऱ्याण्णव, नंदननाम संवत्सर, आश्विन मास, ते समयी आमचे राज्यात स्वस्थता होती, पाऊसपाणी बरे होते, शत्रू आपले घरी आणि आम्ही आपले घरी, आणि महाराजांस सायंकाळी करमत नसे, मग एके दिवशी महाराजांनी चिटणिशीतील कारकून गिरमाजी अनंत यांस हुजूर बोलाविले आणि आज्ञा केली जे, "आमच्या पणजी चंपावती राणीसाहेब यांची कथा लिहावी." गिरमाजीपंतांचे वय पंचेचाळीस, अक्षर मोत्यासारखे, कुटुंब वारल्यास बारा वर्षे जाहली होती, मूलबाळ नाही, आणि स्वभाव भिडस्त, ते हात जोडून बोलिले, "महाराज, राणीसाहेबांची बखर दप्तरी आहे." महाराज बोलिले, "बखर आम्ही वाचिली. कोण चालून आला, कोण पळाला, किती घोडी पडली, इतुकेच त्यात आहे. पणजीविषयी दीड ओळ, की पणजोबा महाराज मोहिमेवर असता राणीसाहेबांनी दोन वर्षे गड राखिला आणि महाराज परतण्याआधीच सत्ताविसावे वर्षी वारल्या. त्या हसत कशा, रागावत कशा, दोन वर्षे मनात काय होते, हे कोणी लिहिले नाही. ठाऊक नाही ते तुम्ही कल्पावे. परंतु खोटे लिहू नये." कल्पावे आणि खोटे लिहू नये, या दोहोंमधून वाट कोणती, हे पंतांस उमगेना, परंतु आज्ञा मस्तकी धरून ते घरी गेले आणि महिनाभरात पहिला अध्याय सिद्ध करून दरबारात वाचावयास बसले.

त्या अध्यायात राणीसाहेब भरजरी शालू नेसून, पदरावर मोरांची रांग, घोड्यावर मांड टाकून गडाचा फेर घेतात, ऐसे वर्णन होते, आणि सरदार मंडळींनी "वाहवा" म्हणून माना डोलाविल्या, तो चिकाच्या पडद्याआड कोणी बाई खुदकन हसली. सरदार मागे वळून पाहू लागले. महाराजांनी पुसिले, "कोण हसले?" तेव्हा दर्याबाई पुढे होऊन बोलिल्या, "अपराध माफ असावा. परंतु पंतांनी राणीसाहेबांस पहिल्याच अध्यायात घोड्यावरून पाडिले. शालूचा काष्टा घालून घोड्यावर बसले तर जरीची तार मांडीस टोचते आणि रिकिबीत पाय ठरत नाही. आणि पदरावरचे मोर माझ्या सासूबाईंच्या काळी निघाले. शंभर वर्षांमागे ते कोठून उडत आले?" महाराज इतके हसले की डोळ्यांस पाणी आले, आणि आज्ञा जाहली, "पंत, उद्यापासून जामदारखान्यात जावे. बाई वस्त्र दाखवितील, मग लिहावे."

या दर्याबाई म्हणजे जामदारखान्याच्या कारभारीण. राजघराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्त्रे पेट्यांत घालून, वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवून, दर आश्विनात उन्हे दाखवून राखणे, हे त्यांचे काम. वय अडतीस. यजमान सटवोजी शिलेदार नऊ वर्षांमागे उत्तरेच्या एका लढाईस गेले ते मेल्यांतही मिळाले नाहीत आणि परतल्यांतही आले नाहीत. भाऊबंद बोलिले, "बाई, आता कुंकू पुसावे." बाई बोलिल्या, "प्रेत कोणी पाहिले?" कोणी पाहिले नव्हते. मग बाईंनी कुंकू राखिले आणि भाऊबंदांनी बोलणे सोडिले.

मग गिरमाजीपंत जामदारखान्यात जाऊ लागले. प्रथम प्रथम गुरुवारी कामापुरते जात आणि कामापुरते पुसत, की अमुक प्रसंगी राणीसाहेब काय नेसल्या असतील. आणि बाई पेटी उघडून, घडी न मोडता, हातावर वस्त्र धरून सांगत, की हे सुती, हे सणाचे, ही चोळी बाळंतपणानंतरची, पाहा, कुशीस दोन बोटे कापड वाढविले आहे. पंतांनी लिहिले की राणीसाहेब रागाने पदर कमरेस खोचून सदरेवर आल्या, तो बाई बोलिल्या, "या लुगड्याचा पदर खोचला तर सुटतो, रेशीम निसरडे आहे. त्या दिवशी सुती नेसवा, नाही तर राग आवरावयास सांगा." पंत हसले. बारा वर्षांत ते मोठ्याने हसले नव्हते, ऐसे त्यांचे शेजारी सांगतात. त्याउपरि दर गुरुवारचे जाणे एक दिवसाआड जाहले, आणि ग्रंथात राणीसाहेब वारंवार वस्त्रे बदलू लागल्या.

पुढे राणीसाहेबांच्या वाट पाहण्याचा अध्याय आला, आणि तेथे पंतांची लेखणी अडली. ते बाईंस बोलिले, "महाराज मोहिमेवर आहेत, दोन वर्षे पत्र नाही. ऐशा दिवसांत बाईमाणूस काय नेसते? मळके? की दागिने उतरविते?" बाई उठल्या. मग आतल्या खोलीतून एक कुसुंबी लुगडे आणून त्यांनी पंतांसमोर उलगडिले. रंग शंभर वर्षांचा असून लाल होता, परंतु पदराकडील हातभर भाग विटून पांढुरका जाहला होता. बाई बोलिल्या, "कुसुंबा उन्हात टिकत नाही. पंत, हा भाग डोईवर येतो. बाकीचे लुगडे सावलीत राहिले आणि डोईवरचा पदर रोज उन्हात राहिला. राणीसाहेब बुरुजावर उभ्या राहत होत्या, रस्त्याकडे पाहत. एक दोन दिवस नव्हे, दोन वर्षे. आणि मळके कशास नेसतील? आज येतील, ऐसे वाटणारी बाई रोज चांगलेच नेसते." पंतांनी वर पाहिले तो बाईंच्या अंगावर धुतलेले, नीट घडी पडलेले हिरवे लुगडे होते, आणि डोईवरील पदराचा रंग उडाला होता. पंतांनी मान खाली घातली. तो अध्याय त्यांनी एका बैठकीत लिहिला, आणि दरबारात वाचिला तेव्हा जुने सरदार, ज्यांचे डोळे आयुष्यात घावांनीही भरले नाहीत, ते शेल्याने नाक पुसू लागले.

यापुढे पंतांची अवस्था ऐशी जाहली की ग्रंथ सरू नये ऐसे वाटू लागले. बखरीत राणीसाहेब सत्ताविसावे वर्षी वारल्या. पंतांचे ग्रंथात अठ्ठावीस सरले, तीस सरले, राणीसाहेबांनी विहिरी बांधिल्या, बागा लाविल्या, नातलगांची लग्ने लाविली, आणि प्रत्येक लग्नास पंत जामदारखान्यात जाऊन पुसत की मुहूर्तास काय, पंगतीस काय, पाठवणीस काय. तीन वर्षे ऐसे चालले. शेवटी महाराज बोलिले, "पंत, आमच्या पणजीस तुम्ही तेहतीस वर्षांची केली. त्यांच्या श्राद्धास तिथी आम्ही कोणती सांगावी?" पंत ओशाळले आणि ही गोष्ट बाईंस सांगितली. बाई ओळखून होत्या. त्या हळू बोलिल्या, "पंत, आता राणीसाहेबांस जाऊ द्या. किती उभे करावे त्यांस?" आणि स्वतः उठून त्यांनी पेटीतून हिरवे काठापदराचे लुगडे काढिले, सवाशीण गेली म्हणजे नेसवितात तैसे, आणि बोलिल्या, "हे." ते बाईंनी पंतांचे हाती दिले, आणि पंतांनी वस्त्र घेतले, हात घेतला नाही.

ग्रंथ सिद्ध जाहला, पाच दिवस वाचन जाहले, आणि महाराज संतोषून बोलिले, "पंत, मागावे. गाव मागा, पालखी मागा." पंतांनी मनात विचार केला, की जे मागावेसे वाटते ते मागता येत नाही, बाई दुसऱ्याच्या नावाचे कुंकू लावितात, आणि ते आपण पुसू शकत नाही, पुसावे ऐसेही वाटत नाही. मग ते बोलिले, "महाराज, सटवोजी शिलेदारांचा शोध व्हावा." सभेस नवल वाटले. सटवोजी सापडले तर पंतांचे जामदारखान्यात जाणे सरले, आणि मेल्याचे कळले तर बाईंचे सारे सरले, हे पंतांस कळत होते; तरी मागितले. महाराजांनी त्यांचेकडे पुष्कळ वेळ पाहिले आणि जासूद रवाना केला.

सातव्या महिन्यात जासूद आला. त्याने एकांती वर्तमान सांगितले, की सटवोजी जिवंत आहेत, चारशे कोसांवर एका गावी राहतात, लढाईत पायास गोळी लागून लंगडतात, ज्या घरी जखम बरी जाहली त्या घरची मुलगी केली, दोन कन्या आहेत, आणि बोलिले, "मी मेलो ऐसे घरी सांगा." महाराज पंतांस बोलिले, "तुम्ही जे सांगाल ते बाई मानतील. तुम्हीच ठरवावे." पंत जामदारखान्याच्या पायऱ्या चढले तेव्हा त्यांचे मनात दोन कथा होत्या. एकीत सटवोजी शूरासारखे पडले होते, आणि ती फार चांगली होती. बाईंनी त्यांचे तोंड पाहिले आणि बोलिल्या, "पंत, कल्पून सांगू नका." मग पंतांनी जे होते ते सांगितले, काही राखिले नाही, मेलो ऐसे सांगा म्हणाले तेही सांगितले. बाई हातातील शेल्याची घडी घालीत होत्या, ती पुरी घातली, मग पुसिले, "चालता येते ना त्यांस?" पंत बोलिले, "येते." बाई बोलिल्या, "बरे." आणि शेला पेटीत ठेवावयास उठल्या.

महिन्याने काशीयात्रेचा संघ निघाला, त्याच वाटेवर सटवोजींचे गाव होते, आणि दर्याबाईंनी महाराजांकडे रजा मागितली. पंत वेशीपर्यंत गेले. बाई जाडेभरडे नेसून, काष्टा घट्ट घालून, गाठोडे घेऊन उभ्या होत्या. पंत बोलिले, "आणावयास जाता?" बाई बोलिल्या, "छे. दुसरीचे घर कोण मोडील? तेरा वर्षे रस्ता पाहिला; एकदा माणूस पाहून येते." संघ निघाला, आणि पंत धूळ बसेतो वेशीत उभे राहिले.

अकरा महिने पंत नित्य कचेरीस जात, खलिते लिहीत, आणि त्यांनी एक वाक्य योजिले, बाई आल्या म्हणजे बोलावयाचे. ते शंभर वेळा बदलिले, कधी लांब, कधी चार शब्दांचे. मग वैशाखात बाई परतल्या, उन्हाने काळवंडलेल्या, पायांस भेगा, आणि दुसऱ्याच दिवशी पेट्या उघडून कसर लागली काय ते पाहावयास बसल्या. पंत गेले. पुसिले, "भेट जाहली?"

"जाहली."

"काय बोलिले?"

"'बरी आहेस?' म्हणाले. मी 'बरी आहे' म्हटले. इतक्यात त्यांची धाकटी आली, सहा वर्षांची असेल. तिचा घागरा आखूड जाहला होता, घोटे उघडे. आत चार बोटे दुमड होती, कोणाच्या ध्यानी आली नव्हती. मी सुई मागितली, दुमड उसविली, आणि घागरा लांब करून दिला. तेवढा वेळ बसले. मग निघाले."

पंतांनी ऐकिले. योजिलेले वाक्य त्यांस आठवत होते, परंतु त्या घागऱ्यापुढे ते त्यांस अति सजविलेले वाटले, आणि ते बोलिले नाहीत.

तात्पर्य, बाईंनी कुंकू पुसिले नाही आणि कोणी पुसा म्हटले नाही. पंतांनी त्याउपरि चार ग्रंथ लिहिले, आणि चारही ग्रंथांच्या नायिका बाईंनी पायाच्या नखापासून नेसविल्या. दर गुरुवारी प्रहरभर बैठक होई, बोलणे वस्त्रांचे होई. ऐशी सतरा वर्षे गेली. बाई प्रथम गेल्या, हिरवे नेसवून नेल्या, आणि ते लुगडे कोणते, हे पंतांनी सांगितले. इतुके वर्तमान, ऐकिले तैसे लिहिले, अधिकउणे असेल ते वाचणारांनी पोटात घालावे.