गायकवाड मावशी आणि काचेवरची माणसं

आमच्या खाली तळमजल्यावर राहणाऱ्या गायकवाड मावशींकडे तुम्ही काच कापून घ्यायला गेलात, तर त्या आधी तुमच्याकडे बघतच नाहीत. काच दोन्ही हातांनी कडेला धरतात, तोंडाजवळ नेतात आणि 'हाऽऽ' करून तिच्यावर वाफ सोडतात. काच पांढुरकी होते. मग ती उजेडासमोर तिरकी धरून वाफ विरेपर्यंत एकटक बघत राहतात. आणि शेवटी भाजीचा भाव सांगावा तशा साध्या आवाजात सांगतात, "ह्या काचेपाशी एक लहान पोर उभं ऱ्हायचं. नाक टेकवून."

ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. मावशी मात्र तोवर काच धुवायला मोरीत गेलेल्या असतात.

आम्ही कर्जतला राहायला आलो त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मला जिन्यात थांबवून सांगितलं, "काही लागलं तर बाजारात जा. त्या खालच्या मावशींकडे काच देऊ नका. त्यांना गेलेली माणसं दिसतात त्यात." मी शाळेत मराठी शिकवते. पोरांच्या अफवा निस्तरण्यात माझा दिवस जातो, त्यामुळे मी हसले. पण हसताना मावशींच्या बंद दाराकडे एकदा बघून घेतलं, हेही खरं.

दिसायच्याही त्या तशाच. अंगात फुलाफुलांची सुती साडी, तिच्यावर गेलेल्या मिस्टरांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला. हातांत चामड्याचे मोजे, पायांत मोजे-बूट, डोळ्यांवर प्रयोगशाळेतला मोठा पारदर्शक गॉगल. नव्या दूधवाल्याला पहिल्याच दिवशी त्यांनी या अवतारात दार उघडलं. त्यानं पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि तो जो गेला, तो दुसऱ्या दिवसापासून दूध आमच्याकडे ठेवायला लागला. "त्यांचं तुम्हीच द्या खाली," म्हणाला.

मावशी खोपोलीच्या एका शाळेत प्रयोगशाळेत शिपाई होत्या. काचनळ्या कापायच्या, परीक्षानळ्या धुवायच्या, बेडूक बरण्यांत भरायचे. सरांपेक्षा त्यांचं विज्ञान पक्कं, असं त्यांचंच मत. "सर फळ्यावर करायचे, मी हातानं करायची." तिथली भाषा त्यांच्या तोंडात अजून आहे. वांग्यात कीड निघाली तरी भाजीवाल्याला म्हणतील, "आधी निरीक्षण, मंग अनुमान. कापून दाखव."

त्यांचं काच कापणं मी पहिल्यांदा पाहिलं ते खिडकीच्या निमित्तानं. आमच्या मागच्या खिडकीची एक काच एका कोपऱ्यातून तडकली होती. चांगला भाग कापून न्हाणीघराच्या झरोक्याला बसेल, म्हणून मी ती जुन्या चादरीत गुंडाळून खाली नेली. वहिनींचं बोलणं आठवत होतं, पण बाजारातला माणूस चार दिवस 'उद्या' म्हणत होता.

दुपारचे तीन वाजले असतील. मावशींच्या घरात पंखा बंद, रेडिओ नाही, काही नाही. टेबलावर काळी घोंगडी पसरलेली. तिच्यावर लाकडी पट्टी, रॉकेलची बाटली आणि हिरकणी. पेन्सिलीएवढी दांडी आणि टोकाला कणभर चमक, त्याला त्या हिरकणी म्हणतात.

त्यांनी काचेवर वाफ सोडली. बघितलं. पुन्हा सोडली. यावेळी जरा जास्तच वेळ बघितलं.

"बाई, तुमच्या घरात कोण हाय? तुमच्यापेक्षा वीतभर ठेंगणं. डोक्याला खोबरेल लावणारं."

"सासूबाई आहेत. का?"

"त्या रोज ह्या काचेला कपाळ टेकवून उभ्या ऱ्हातात. एक दिवस नाय, रोज. एकावर एक ठसे हायत. आन् इथं हात. तीन बोटं टेकलीत, चौथं नाय."

माझ्या सासूबाईंची उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे. मावशींनी त्यांना तोवर पाहिलेलं नव्हतं.

मावशींनी शांतपणे काच धुतली, सुती फडक्यानं कोरडी केली, घोंगडीवर ठेवली आणि हिरकणी रॉकेलात बुडवली. पट्टी लावली. हात उचलला आणि तसाच धरून थांबल्या. मला वाटलं, आता काय! तेवढ्यात जवळच्या स्टेशनात, घाटाकडे निघालेल्या गाडीला चढासाठी मागून इंजिन लागल्याचा धक्का आला. आमच्या इमारतीच्या सगळ्या काचा एकदम गुणगुणायला लागल्या. हळूहळू गुणगुण थांबली.

"गाडी जाऊ द्यायची. कापताना काच थरथरली तर रेघ सोडून पळती," त्या कुजबुजल्या. "आता बोलू नका."

मग एकच रेघ. वरून खाली, न थांबता, एकाच दाबानं. रेशमी कापड फाडल्यासारखा बारीक आवाज आला, स्स्स्स. "असा आवाज आला पायजे. आवाज तुटला म्हंजे रेघ तुटली. आन् एकदा गेलेल्या रेघेवरनं पुन्हा जायचं नाय, कदी नाय." रेघेखाली त्यांनी काडेपेटीतली काडी सरकवली, दोन्ही बाजूंना तळवे ठेवले आणि हलकेच दाबलं. टक्. काच सुरीनं कापलेल्या वडीसारखी दोन झाली. मी उगाचच मोठ्यानं श्वास सोडला.

कडा ओल्या पॉलिशपेपरनं घासून झाल्या, तेव्हा वाटलं, संपलं. पण खरा प्रकार पुढे होता. मावशींनी खिडक्यांवर ब्लँकेटं टाकली, दार लावलं. भर दुपारी खोलीत मिट्ट काळोख. मग त्यांनी पेटती बॅटरी फरशीवर आडवी ठेवली आणि स्वतः गुडघे टेकून तिच्यामागून सरपटायला लागल्या. अंधारात त्यांचा नुसता गॉगल चमकत होता. फरशीवर उजेडाचा पट्टा पुढे सरकत होता आणि मधेच कुठेतरी एक ठिणगी चमकायची. "घावली!" ओल्या कागदाचा बोळा त्या ठिणगीवर दाबला जायचा. "झाडूनं दिसत नाय ही. आडव्या उजेडात दिसती." बाहेरून फटीतून कुणी हे बघितलं असेल, तर वहिनींच्या अफवेला मी दोष देणार नाही.

सगळे कण, सगळे तुकडे त्यांनी चार पदरी वर्तमानपत्रात बांधले, वर चिकटपट्टी लावली आणि ठळक अक्षरांत लिहिलं, 'आत काच आहे. हात जपा.' घंटागाडीवरच्या बाईंसाठी. त्या बाई मावशींना 'आई' म्हणतात, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून दोन तास लवकर निघाले. कोणाला सांगितलं नाही. किल्लीनं दार हळूच उघडलं. सासूबाई मागच्या खोलीत, त्याच खिडकीच्या उरलेल्या दुसऱ्या काचेला कपाळ टेकवून उभ्या होत्या. उजव्या हाताची तीन बोटं काचेवर. मी आत आले तरी त्यांना कळलं नाही. किती वेळ मी पाठीमागे उभी होते, कुणास ठाऊक.

"आई?"

त्या दचकल्या. "काही नाही गं. गाड्या बघते."

मागच्या खिडकीतून गाड्या दिसत नाहीत. शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. सासरे गेल्यावर आम्ही त्यांना खालापुराकडच्या गावातून इथे आणलं, त्याला आठ महिने झाले होते. सकाळी सातला आम्ही दोघं बाहेर पडतो, संध्याकाळी परततो. मधल्या वेळात त्या काय करतात, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. तो खालच्या मावशींना काचेवरून पडला.

मी सासूबाईंना हाताला धरून खाली घेऊन गेले. मावशींनी दार उघडलं, त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "याच ना? बसा. पट्टी धरायला माणूस पायजेच व्हतं. बूट हायत का तुमाला?"

झालं. त्या दिवसापासून सासूबाई सासऱ्यांचे जुने कॅनव्हासचे बूट घालून रोज दुपारी तळमजल्यावर. दोघी फारशा बोलायच्या नाहीत. एक पट्टी धरायची, एक रेघ ओढायची. गाडी आली की दोघी हात वर धरून पुतळ्यासारख्या थांबायच्या. मावशी कुणाच्या काचेवर वाफ सोडून काही सांगायला लागल्या, की सासूबाई मान हलवायच्या, जणू त्यांनाही दिसतंय. वहिनी म्हणाल्या, "आता दोन झाल्या."

मी एकदा विचारलं, "मावशी, हे वाफ सोडणं कशासाठी? धुवायचीच असते ना काच?"

"धुतल्यावर काय दिसंल?" एवढंच म्हणून त्या मोरीत गेल्या.

मग मागच्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. ते पुढे व्यवस्थित झालं, त्याची काळजी नको. पण आदल्या रविवारी दुपारी त्यांनी मला बोलावलं. सासूबाई तिथे होत्याच.

"बाई, तुमी मराठी शिकवता ना? एक अक्षर वाचायचं हाय."

कपाटातून त्यांनी एक डबा काढला. आत दोन काचा एकमेकींवर ठेवून, मधे पुठ्ठ्याच्या बारीक पट्ट्या देऊन, चारही बाजूंनी कागद चिकटवलेला. तळहातापेक्षा लहान. आतल्या बाजूंना काही लागू नये, अशी बांधणी.

"ही माझी पयली कापलेली काच," त्या म्हणाल्या आणि बाकीचं न थांबता सांगितलं, प्रयोगाच्या वहीत लिहिल्यासारखं.

मिस्टरांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मावशींची नोकरी चालू होती. सकाळी त्या त्यांना खिडकीपाशी खुर्चीत बसवून, जवळ डबा-पाणी ठेवून जायच्या. दोन वर्षं असं चाललं. मग ते गेले. पाहुणे परतल्यावर मावशींनी सवयीनं सगळं घर घासूनपुसून काढलं. खिडकीसुद्धा. स्पिरिट लावून, लॅबमधल्यासारखी लख्ख. पुढच्या थंडीत एका सकाळी त्या त्याच खिडकीपाशी चहाचा कप घेऊन बसल्या. कपाची वाफ काचेवर गेली. आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात, चौकटीला लागून, जिथे फडकं पोचलं नव्हतं तिथे, बोटानं लिहिलेलं काहीतरी उमटलं. अक्षरांचे नुसते पाय. वरचं सगळं पुसलेलं.

"डाव्या हाताच्या बोटानं लिवत व्हते ते. दिवसभर. आन् मी घरी आल्यावर काचेकडं कशाला बघतीय? मी त्यांचे कपडे बदलायची, भात टाकायची. माझ्यासाठी लिवलेलं मीच पुसलं."

तो कोपरा वाचवायला त्यांनी काच चौकटीतून काढली, हिरकणी आणली, कापायला शिकल्या. त्यानंतर तो तुकडा पुन्हा कधीच बघितला नाही.

"मला वाटतं 'भूक' लिवलंय," त्या म्हणाल्या. "डबा त्यांच्यानं उघडत नसंल. सात वर्सं झाली, मला तसंच वाटतंय. तुमी बघा. पण खोटं नका सांगू. दिसंल तेवढंच सांगा."

त्यांनी कागद सोडवला. मी वाफ सोडली.

उमटलं. कोपऱ्यात एक उभी रेघ आणि तिच्या पायाशी एक गोल वळण. खोली इतकी शांत होती, की मागे खुर्चीत ते गेलेले मिस्टरच बसलेत असं वाटावं. आयुष्यभर मी ऱ्हस्व-दीर्घासाठी पोरांचे मार्क कापत आले. आणि इथे तो उकार पहिला की दुसरा, मला सांगता येईना. थरथरत्या डाव्या बोटाचा उकार तो. वाफ विरली. मी पुन्हा सोडली.

"मावशी, पहिल्या अक्षराला उकार आहे."

"म्हंजे भू."

"थांबा. 'भूक' असतं, तर पुढे 'क'चा एकच पाय आला असता. इथे दोन आहेत, शेजारी शेजारी. 'ग'ला असे दोन असतात." माझ्या मनात काहीतरी सरकलं. तीन वर्षं मी या बाईंच्या डोक्यावर राहत होते. दारावर मिस्टरांच्या नावाची पाटी. सगळे म्हणायचे गायकवाड मावशी. "मावशी, तुमचं नाव काय हो?"

"माझं? सुगंधा. का वो?"

मी काच त्यांच्यासमोर धरली. उकारावर बोट ठेवलं, मग दोन पायांवर.

त्यांनी गॉगल सरळ करून काचेवर मान वाकवली. मग म्हणाल्या, "छ्या. त्यांनी जलमात माझं नाव घेतलं नाय. 'अगं ए' म्हणायचे, नायतर 'लॅबवाली'."

"दुसरं काही असू शकतं, मी नाही म्हणत नाही. पण भूक नाही. एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते."

"पुन्हा वाफ सोडा."

मी सोडली. आणखी एकदा सोडली. चौथ्या वेळी त्यांनी माझा हात धरला. "पुरं. झिजंल." त्यांनी गॉगल काढला आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसायला लागल्या. पाणी थांबेचना.

कॅनव्हासचे बूट घालून कोपऱ्यात बसलेल्या सासूबाई उठल्या.

"सुगंधा, ऊठ," त्या म्हणाल्या. "तोंडावर पाणी मार. दोन घास खाऊन घे माझ्याबरोबर."

मावशींनी चमकून वर पाहिलं. "काय म्हणालात?"

"सुगंधा म्हणाले. नाव आहे ना तुझं?"

"हाय," मावशी म्हणाल्या. "हाय ना." आणि शाळेत हजेरी घेताना नाव आलं की पोर जसं सावरून उभं राहतं, तशा त्या उठून उभ्या राहिल्या.