तहानलेले टोमॅटो

गच्चीवर टोमॅटो लावायचे म्हणजे काही चंद्रावर रॉकेट सोडायचं नव्हतं! निदान प्राध्यापकांचं तरी हेच म्हणणं होतं. इमारतीतलं भांडी घासल्याचं, हातपाय धुतल्याचं पाणी गाळायचं, वर चढवायचं, त्यावर पेट्यांमधली झाडं जगवायची आणि झाडांच्या सावलीने वरचा मजला गार ठेवायचा. झालं! मात्र असलं संशोधन एकट्या समाजशास्त्रज्ञाचं काम नव्हे. इंजिनिअर हवा, अर्थतज्ज्ञ हवा आणि इमारतीत राहणारी माणसंही बरोबरीने हवीत. हे सांगताना त्यांची छाती इतकी फुगायची की शर्टाच्या बटणांची काळजी वाटावी.

"इथे कोणी कोणाच्या हाताखाली नाही," ते पहिल्याच बैठकीत म्हणाले. "झाडं सगळ्यांची, जबाबदारी सगळ्यांची!"

घोडं अडलं होतं ते प्राध्यापकांच्या सासूबाईंपाशी. गच्ची त्यांची. गच्चीखालचं घरही त्यांचं, आणि त्या घरात राहणारे जावईबापूही थोडेफार त्यांचेच. सारी हयात मुख्याध्यापिका म्हणून गेलेली, त्यामुळे परवानगीसुद्धा त्यांनी परीक्षेसारखी दिली.

"एक हंगाम बघेन. माझ्या छताला ओल दिसली की पेट्या खाली! मग मला तुमच्या त्या संशोधनाचं लांबलचक नाव सांगत बसायचं नाही."

प्राध्यापकांनी हसत लगेच मान डोलावली. किती इमारतींचे जिने झिजवल्यावर ही एक गच्ची मिळाली होती. ही गेली की इतक्या वर्षांचं काम कागदावरच राहणार होतं.

सुरुवात झकास झाली. झाडं तरारली, फुलं आली, हिरवे टोमॅटो लोंबायला लागले. आणि ज्या बाई या कामाला निधी देणार होत्या त्या भेटीला येणार, असं कळलं त्याच आठवड्यात झाडांनी माना टाकल्या!

बायको दवाखान्यातून आली ती थेट अभ्यासिकेत. दिवसभर लोकांचे दात उपटून तिला स्पष्ट बोलायची सवय झालेली. "अहो, तुमची झाडं पार सुकल्यासारखी दिसताहेत. वर जाऊन बघा तरी!"

"बघतो, बघतो. एवढा अहवाल संपू दे. इंजिनिअर आहे ना, अर्थतज्ज्ञ आहे, तळमजल्यावरचा शिंपी आहे. सगळ्यांना फोन केलेत."

सगळे "बघतो" म्हणाले होते. तरी झाडं रोज जास्तच मलूल होत गेली. प्राध्यापक अहवाल जास्तच जोरात लिहीत गेले.

भेटीच्या दिवशी पाहुण्या बाई सासूबाईंच्या दिवाणखान्यात स्थानापन्न झाल्या. सगळी मंडळी ओळीने बसली. प्राध्यापकांनी घसा साफ केला, अहवाल उघडला आणि म्हणाले, "या प्रयोगाचा आत्मा म्हणजे..."

टप्!

थेंब बरोबर आत्म्यावर पडला.

सगळ्यांनी वर पाहिलं. छतावर ओलीचा हा एवढा डाग! टप्, टप्, टप्! बायको पातेलं आणायला धावली, शिंपी बादली आणायला, आणि इंजिनिअर गच्चीवर. तो परत आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"पेट्या तुडुंब भरल्यात! माती वाहून पाणी जायचं भोक बुजलंय. मी तर नळ थोडासाच मोठा केला होता..."

"तुम्ही नळ मोठा केला होता?" अर्थतज्ज्ञ चपापले. "मी रोज येऊन दोन झाऱ्या ओतत होतो. एवढी गुंतवणूक डोळ्यांदेखत वाळू द्यायची?"

"आणि मी जेवणाच्या सुट्टीत बादली चढवतोय!" शिंपी म्हणाला. "कंबर धरली माझी!"

बायकोने पातेलं ठेवलं आणि हळूच म्हणाली, "मीही घालत होते. दवाखान्यातून आल्यावर."

पाहुण्या बाईंना हसू आवरेना. "अहो, मुळं गुदमरली की पानं तहानल्यासारखीच माना टाकतात! झाडं सुकली नव्हती, बुडत होती. आणि तुम्ही एकमेकांना सोडून प्रत्येक जण झाडांशीच बोलत होता."

प्राध्यापकांनी डोळे मिटले. आता 'पेट्या खाली' हे दोन शब्द येणार! पण सासूबाई छताकडे बघत राहिल्या, मग चष्मा काढून पुसायला लागल्या.

"पहाटेचं मी घालत होते," त्या म्हणाल्या.

"तुम्ही?" जावईबापूंच्या हातून अहवाल गळून पडला.

"मग काय करणार? मान टाकलेलं पोर बघवत नाही मला. नापास करायला जीव होईना."

आजवर सासूबाईंना प्राध्यापकांनी विरोधी पक्ष मानलं होतं, आणि सगळ्यांत लवकर उठून झाडांपाशी जाणारं माणूस तेच निघालं!

"पेट्या राहतील," सासूबाईंनी चष्मा चढवला. "पण रोज संध्याकाळी सगळ्यांनी इथे यायचं आणि कोणी काय केलं ते तोंडाने सांगायचं. छत आधी दुरुस्त होईल, तेही तुमच्याच निधीतून!"

"निधीचं मी बघते," पाहुण्या बाई म्हणाल्या. "मला ही संध्याकाळची बैठक फार आवडली. पण प्राध्यापक, एक राहिलंच. तुम्ही किती पाणी घालत होता?"

प्राध्यापकांनी खाली पडलेला ओला अहवाल उचलला.

"मी... मी लिहीत होतो," प्राध्यापक म्हणाले. "लोकसहभागावर."

बायकोने गळतीच्या पाण्याने भरलेली बादली त्यांच्या हातात दिली आणि मोरीचं दार उघडून धरलं.