बाण आपोआप हलला तर

त्या रविवारी सकाळी तपासनीसांनी ठरवलं ते एवढंच, की आज कम्प्युटरला एक क्षणही एकटं सोडायचं नाही.

तपासनीस म्हणजे पाणीखात्यातले मीटर तपासनीस. घरोघरचे मीटर आणून टेबलावर बसवायचे, त्यांच्यातून मोजून पाणी सोडायचं आणि कोण किती खोटं बोलतो ते वहीत लिहायचं, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. त्यामुळे यंत्रांचे त्यांनी दोनच प्रकार मानले होते, जास्त सांगणारी आणि कमी सांगणारी. (बरोबर सांगणारीही काही निघत, पण त्यांच्यावर तपासनीसांचा विशेष संशय असे.)

घरातला कम्प्युटर तसा बायकोचा. ती घरीच भरतकामाचं मशीन चालवायची. शाळांची बोधचिन्हं, दवाखान्यातल्या कोटांवरची नावं, असली कामं. मशीन जुनं होतं, आतल्या खोलीत खिडकीपाशी होतं. तिथून एक लांबलचक वायर दारातून बाहेरच्या खोलीत कम्प्युटरपर्यंत आलेली होती. पुढचा टाका कुठे घालायचा हे मशीन त्या वायरीतून कम्प्युटरला विचारत राही. अकरा वर्षं दोघांचं बरं चाललं होतं. मधे पडले ते अपडेट.

आधी कम्प्युटर निदान विचारायचा. तीन बटणं असायची, आत्ता, नंतर आणि नको. एका अपडेटनंतर ‘नको’ गेलं. कुणी नेलं, का नेलं, कुणालाच माहीत नाही. यंदा ‘नंतर’ही गेलं आणि त्याच्या जागी ‘लवकरच’ आलं. तपासनीस म्हणाले, याला विचारणं म्हणत नाहीत, याला कळवणं म्हणतात.

मागच्या अपडेटने प्रिंटर गेला होता. म्हणजे प्रिंटर टेबलावरच होता, पण कम्प्युटर त्याला ओळख दाखवेना. भरतकामाच्या मशीनशीही त्याने नऊ दिवस अबोला धरला होता. त्या बदल्यात पडद्याच्या कोपऱ्यात बाहेर ऊन आहे असं लिहून यायला लागलं. ते ऊन त्याच टेबलावर पडलेलं असायचं.

तपासनीसांची मुलगी परगावी एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होती. तिला त्यांनी फोनवर विचारलं होतं, की हे असलं बाहेर पाठवण्याआधी कुणी तपासत नाही का. ती म्हणाली, पूर्वी त्यासाठी वेगळी माणसं असायची, आता बऱ्याच ठिकाणी ती कमी केली आहेत. थेट लोकांनाच वापरायला देतात, तक्रारी आल्या की दुरुस्त करतात. हे ऐकून तपासनीस दोन दिवस नीट जेवले नाहीत. न तपासलेला मीटर भिंतीवर लावायचा आणि घरात पूर आला की मग बघायला जायचं, अशी कल्पना त्यांच्या बावीस वर्षांच्या वह्यांमध्ये कुठेही बसत नव्हती.

तेव्हापासून त्यांचा संशय वाढत गेला. पडद्यावरच्या पाटीत लिहिलेलं असे, तुम्ही कम्प्युटर वापरत नसाल तेव्हा आम्ही तो रीस्टार्ट करू. मी वापरत नाही हे यांना कळतं कसं, असं तपासनीस बायकोला रोज विचारत. ज्याला एवढं कळतं, तो उद्या आत शिरून स्वतःच चालवायला लागणार. त्यांनी घरात नियम घालून दिला. पडद्यावरचा बाण आपोआप हलताना दिसला तर विचार करत बसायचं नाही, आधी भिंतीतला प्लग ओढायचा. एकदा तर त्यांनी बायकोला खुर्चीतून उठून प्लगपर्यंत चालायला लावून वेळ मोजली होती. चार सेकंद. तपासनीसांच्या मते ती तीनवर यायला हवी होती.

आणि नेमक्या अशा वेळी पोस्टातल्या बाईंचा शर्ट आला.

बाई म्हणजे जवळच राहणाऱ्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान मागच्या वर्षी गेले. बाईंनी पिशवीतून त्यांचा निळ्या चौकड्यांचा शर्ट काढला, घडी न मोडता टेबलावर ठेवला आणि तो धुतलेला आहे असं सांगितलं. मग म्हणाल्या, एकदाच धुतलाय. बरोबर एक चिठ्ठी होती, यजमान बाहेर जाताना दारावरच्या खिळ्याला लावून जायचे तसली. तीन ओळी.

दूध आत ठेवलंय.
किल्ली शेजारी दिली आहे.
लवकर येतो.

ही चिठ्ठी त्यांच्याच अक्षरात शर्टाच्या पाठीवर भरून हवी होती. सोमवारी सकाळी बाई मुलाकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. जाताना शर्ट बरोबर न्यायचा होता. बायकोने चिठ्ठीचं अक्षर कम्प्युटरवर घेतलं, एकेका वेलांटीचे टाके बसवले. कापड विरलेलं होतं, म्हणून मशीन अगदी हळू चालवायचं ठरलं. दोन तास तरी लागणार होते. शर्ट एकच होता. एकदा सुई आत गेली की भोक राहणार, दुसरा शर्ट कुठल्याच दुकानात मिळणार नव्हता.

शनिवारी रात्रीच्या जेवणाआधी पाटी आली, अपडेट तयार आहे, आत्ता किंवा लवकरच. तपासनीसांनी इंटरनेटची वायर उपटली. पण अपडेटचं सामान आधीच घरात येऊन पडलं होतं, आता फक्त ते मांडायचं बाकी होतं. बायको म्हणाली, अपडेट करून घेतलं आणि मशीन पुन्हा नऊ दिवस रुसलं तर बाईंना काय सांगू. तपासनीस म्हणाले, तू मशीनपाशी बस, कम्प्युटर मी सांभाळतो.

“सांभाळायचं म्हणजे काही करायचं नाही,” बायको म्हणाली. “एवढं जमेल ना?”

तर रविवारी अकरा वाजता काम सुरू झालं. आत मशीन टकटक करत होतं, बाहेर तपासनीस माउस हलवत होते. कम्प्युटरला वाटलं पाहिजे की कुणीतरी सतत वापरतंय, म्हणजे तो गप्प बसेल, असा त्यांचा हिशेब होता. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. वीस मिनिटांत त्यांचं मनगट दुखायला लागलं. चाळीस मिनिटांत त्यांना शंका आली, की आपण इतकं एकसारखं हलवतोय की कम्प्युटरला संशय येत असेल. म्हणून त्यांनी मधूनच दोन गोल काढले. तासाभरात लक्षात आलं की आपण सकाळपासून अंघोळ केलेली नाही आणि आता कामात तोंड धुण्याइतकीही सवड नाही.

तेवढ्यात त्यांची नजर टेबलफॅनवर गेली. फॅन स्टुलावर बसून शांतपणे मान हलवत होता. डावीकडे, उजवीकडे.

बायकोच्या डब्यात पारदर्शक नायलॉनचा दोरा होता. तपासनीसांनी त्याचं एक टोक फॅनच्या जाळीला बांधलं, दुसरं माउसला. माउस परत यावा म्हणून पलीकडून एक रबरबँड टेबलाच्या पायाला अडकवला. माउस टेबलाखालच्या सरकत्या फळीवर होता, त्यामुळे वरून बघणाऱ्याला काहीच दिसत नव्हतं. फॅनने मान वळवली की माउस ओढला जाई, मान परत आली की रबर त्याला मागे खेची. पडद्यावरचा बाण एखाद्या पहारेकऱ्यासारखा येरझाऱ्या घालू लागला. तपासनीस पाच मिनिटं नुसते बघत राहिले. जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीला आपण एका रबरबँडने फसवतोय, या विचाराने त्यांना बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. ही गोष्ट बायकोला सांगावी असं त्यांच्या मनात आलं होतं. पण काही करायचं नाही असं कबूल केलेलं असल्यामुळे ते टॉवेल घेऊन गुपचूप अंघोळीला गेले.

दुसरी ओळ संपली की दोरा कापायला मशीन आपणहून थांबायचं. तसं ते थांबलं. बायकोने दोरा कापला, पाठ मोडून आली होती म्हणून उठली, आणि किती टाके राहिलेत ते बघायला बाहेरच्या खोलीत आली. खुर्ची रिकामी. फॅन चालू. आणि पडद्यावर बाण आपोआप हलत होता.

सव्वीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचं म्हणणं कधी ताबडतोब ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. तीन सेकंदांत.

मग ती न्हाणीघराच्या दाराशी आली.

“अहो.”

“काय?”

“आले होते.”

“कोण?”

“तेच, तुम्ही म्हणत होतात ते. बाण हलवत होते. इकडून तिकडे, तिकडून इकडे, जसं काही सगळं वाचून काढताहेत. मी प्लग ओढला.”

आत पाण्याचा आवाज बंद झाला.

“अगं, तो मी होतो.”

“तुम्ही तर आत आहात.”

“म्हणजे मी नव्हे, फॅन होता.”

यावर बायको काही बोलली नाही. ती गप्प राहिली की तपासनीसांना भीती वाटे, कारण ते मोजता येत नसे. डोक्याला साबण तसाच ठेवून ते टॉवेल गुंडाळून बाहेर आले. तिने टेबलाखाली वाकून दोरा पाहिला, रबरबँड पाहिला, मग त्यांच्याकडे पाहिलं. त्याच क्रमाने.

प्लग पुन्हा लावला. कम्प्युटर एवढीच संधी शोधत होता. पडदा निळा झाला आणि त्यावर अक्षरं आली, तुमच्यासाठी काही छान गोष्टी तयार करत आहोत, कृपया बंद करू नका.

“यांना कुणी सांगितलं होतं?” बायकोने विचारलं. प्रश्न कम्प्युटरसाठी होता, पण विचारताना ती तपासनीसांकडे बघत होती.

सात टक्के झाले. सातवर तो अर्धा तास बसला. मग एकदम नव्वद झाले, शंभर झाले आणि पुन्हा शून्य. (असा मीटर तपासनीसांनी पहिल्याच दिवशी भंगारात काढला असता.) तीन वाजता कम्प्युटर सुरू झाला. बटणं डावीकडून मधे आली होती, बाहेर ऊन होतं, आणि भरतकामाच्या मशीनपुढे लिहिलं होतं, अनोळखी उपकरण. मुलीला फोन केला. तिने तासभर हे दाबा, ते काढा असं सांगून पाहिलं आणि शेवटी म्हणाली, “बाबा, बऱ्याच लोकांना हा त्रास होतोय. पुढच्या अपडेटमध्ये ठीक करतील.”

तपासनीसांनी फोन हळूच खाली ठेवला.

आतल्या खोलीत शर्ट फ्रेममध्ये ताणलेला होता. दूध आत ठेवलंय. किल्ली शेजारी दिली आहे. पूर्णविरामासकट. त्याच्याखाली चौकड्या. तपासनीस भीत भीत म्हणाले, एकच ओळ तर राहिलीय, हाताने नाही का भरता येणार. बायकोने चिठ्ठी समोर धरली, बराच वेळ बघितली.

“येईल भरता. पण ते माझं अक्षर होईल. त्यांचं नाही.”

पाच वाजता बाई येणार होत्या. बायकोने सांगून टाकलं की आपण एक शब्दही बोलणार नाही. मग तपासनीसांनी मनाशी वाक्यं जुळवून पाहिली. वीज गेली होती, हे पहिलं. पण बाई दोन गल्ल्या पलीकडे राहत, त्यांच्याकडे वीज होती. यंत्रात दोष होता, हे दुसरं. कचेरीत ते हेच लिहीत, ‘दोष यंत्राचा’ नाहीतर ‘दोष ग्राहकाचा’. तिसरा रकाना वहीत नव्हता, त्यामुळे त्यांना तो कधी भरावा लागला नव्हता.

बाई आल्या. चष्मा लावला, शर्ट खिडकीपाशी उजेडात धरला आणि वाचला. मग पहिल्या ओळीवरून बोट फिरवलं, दुसरीवरून फिरवलं. ‘आहे’च्या शेवटच्या टिंबावर बोट थांबलं.

“पुढचं?” त्यांनी विचारलं.

तपासनीस उभे राहिले. घसा खाकरून म्हणाले, “बाई, त्याचं असं झालं, की चूक—”

“बरं झालं,” बाई म्हणाल्या.

तपासनीस तसेच उभे राहिले.

“तेवढंच खोटं असायचं बघा,” बाई शर्टाकडेच बघत बोलत होत्या. “दूध आत असायचं. किल्ली शेजारी असायची. एकतीस वर्षं लिहीत होते लवकर येतो, एकदाही आले नाहीत. वाचनालयात बसले की घड्याळ नावाची वस्तू आहे हे विसरायचे. मी ताट झाकून बसायची.” त्यांनी शर्टाची कॉलर सरळ केली. “खरं तर त्या दिवशीच सांगणार होते, तेवढं गाळा म्हणून. पण गेलेल्या माणसाची चिठ्ठी कापायला सांगायची, जिभेवर येईना. आता अंगावर घातला तरी वाट बघायला नको.”

बायकोने पदर सारखा केला आणि शर्ट त्यांच्या हातातून घेऊन नीट घडी करायला लागली.

जरा वेळाने बाईंनी चष्मा पुसला. “पण बरोबर तिथेच थांबलं कसं? तुम्ही थांबवलंत?”

आता सांगावं की नाही, या विचारात तपासनीस पडले. दोष कबूल करायचा तर तो दोष राहिला नव्हता, आणि श्रेय घ्यायचं तर फॅनचं काय करायचं.

“ह्यांनी नाही,” बायको घडीवरून हात फिरवत शांतपणे म्हणाली. “कम्प्युटरने. आजच अपडेट केलाय आम्ही.”

“असं होय,” बाई म्हणाल्या. “माझ्याकडचा मेला रोज विचारतो, आणि मी रोज घाबरून तो बंदच करते. इतकं चांगलं असतं ते? मग उद्या निघायच्या आधी करूनच टाकते. पण मला एकटीला जमायचं नाही.”

“हे येतील ना,” बायको म्हणाली. “ह्यांना त्यातलं सगळं माहीत आहे.”

आणि म्हणून त्या संध्याकाळी तपासनीस बांधाबांध झालेल्या एका घरात, खोक्यांच्या मधे, बाईंच्या कम्प्युटरसमोर बसले होते. ‘आत्ता’ त्यांनी स्वतःच्या बोटाने दाबलं होतं. पडद्यावर सात टक्के झाले होते आणि सातच राहिले होते. बाईंनी दोनदा चहा दिला, तीनदा येऊन पाहिलं. चौथ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी पडद्याकडे बघितलं, तपासनीसांकडे बघितलं, आणि त्यांना वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाल्या,

“तुमच्या घरचं यंत्र हुशार आहे हो. तुम्हाला अजून जरा सवय करायला हवी.”