ऑर्किडसुद्धा नापास

लग्नाला आठ दिवस उरले होते आणि मुलीच्या हातातला बुके कुठल्या फुलांचा, हे अजून ठरलं नव्हतं. बुके ठरला की त्याच फुलांची सजावट समारंभाच्या वीस टेबलांवर होणार होती. फुलवालीने बजावून ठेवलं होतं, "गुरुवार संध्याकाळपर्यंत सांगा. नंतर बाजारात उरेल ते घ्यावं लागेल."

खरं तर मुलीने पाच मिनिटांत गुलाबी गुलाब पसंत केले होते. ते तिने घरी येऊन वडिलांना सांगितलं, तिथे घोळ झाला. वडिलांनी कुकरच्या कारखान्यात चौतीस वर्षं माल तपासला होता. त्यांनी इतके कुकर परत पाठवले की कारखान्यात त्यांना नापासकर म्हणत. निवृत्तीनंतर शेजारीही तेच म्हणू लागले, आणि आता खरं आडनाव पोस्टमनलासुद्धा आठवत नसे.

"आवडला म्हणजे झालं का?" नापासकर म्हणाले. "समारंभ सहा तासांचा. सहा तासांत तीनपेक्षा जास्त पाकळ्या गळल्या, तर नापास."

"बाबा, फुलं आहेत ती! आणि सहा तास धरून कोण बसणार? मला ऑफिस आहे."

"तुझी आई आहे ना."

आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. ती काही बोलण्याआधीच तिचं नाव तक्त्यात चढलं होतं.

शनिवारी सकाळी गुलाबांचा नमुना आला. आईला ठेवणीतले कपडे घालून दिवाणखान्यात खुर्चीवर बसवलं गेलं. पंखा तीनवर, कारण हॉलचे पंखे तीनवर असतात. शेजारच्या काकांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. त्यांनी तासाला चाळीस वेळा "अभिनंदन!" म्हणत आईशी हात मिळवायचा होता.

"हस जरा," नापासकर म्हणाले. "नवरी हसली की मनगट वेगळं हलतं."

दर अर्ध्या तासाला ते भिंग घेऊन यायचे, निरखून बघायचे आणि आतल्या खोलीत जाऊन नोंद करायचे. सहा तासांत सात पाकळ्या गळल्या. गुलाब नापास.

रविवारी कार्नेशन नापास. सोमवारी जरबेरा. मंगळवारी लिली, आणि तिच्या परागांनी काकांचा शर्टही नापास. मधल्या वेळात टेबलावरच्या सजावटीची उंची ठरवायला काकांना जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बसवून नापासकर दुसऱ्या टोकावरून विचारत, "मी दिसतो का?" काका आठवडाभर त्यांनाच बघून इतके कंटाळले होते की त्यांनी सरळ "नाही" म्हणायला सुरुवात केली. त्यामुळे फुलदाण्याही नापास झाल्या.

फुलवालीच्या नाकी नऊ आले. बुधवारी तिने ऑर्किड पाठवले आणि मुलीला फोन केला. "ताई, हे पंधरा दिवस टिकतं. तुमच्या बाबांना सांगा, माझी इज्जत पणाला लागलीय."

दुपारी दोनपर्यंत ऑर्किडच्या चार पाकळ्या गळल्या होत्या.

"शक्यच नाही!" फुलवाली फोनवर ओरडली. "तुमच्या घरात काहीतरी आहे, ताई. बघा नीट!"

मुलगी अर्धी रजा टाकून घरी आली आणि आवाज न करता स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. नापासकर भिंग घेऊन आले, बघून आत गेले. काका खुर्चीत पेंगत होते. आईने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, दोन बोटांत एक पाकळी धरली, पिरगळली आणि अलगद मांडीवर सोडली. मग परत नवरीसारखी हसत बसली.

मुलीने तिला ओढतच स्वयंपाकघरात आणलं. "आई! तू? माझं लग्न आहे चार दिवसांवर!"

"ओरडू नकोस गं," आई पुटपुटली. तिचे डोळे भरून आले होते. "बत्तीस वर्षांत तुझ्या बाबांनी मला एक फूल आणून दिलं नाही. एकदा कुकर दिला, तोही कारखान्यात नापास झालेला. आता रोज सकाळी ताजा बुके हातात देतात. दर अर्ध्या तासाला येऊन माझ्याकडे बघतात."

"ते फुलांकडे बघतात, आई."

"असेना का. वाटेत मी असतेच ना."

मुलीला रागवायचं होतं, पण जमेना. एक फूल पास झालं की उद्यापासून आईचे हात रिकामे, हे तिलाही दिसत होतं. संध्याकाळी ती एकटीच दुकानात गेली आणि गुलाबी गुलाब पक्के करून आली.

"आणि तुमच्या बाबांच्या चाचण्या?" फुलवालीने विचारलं.

"त्या चालू दे. शनिवारपर्यंत रोज एक नमुना पाठव."

शनिवारपर्यंत आणखी तीन जाती नापास झाल्या.

रविवारी मुलगी गुलाबी गुलाब हातात घेऊन हॉलमध्ये आली, तेव्हा नापासकरांचा चेहरा पांढरा पडला. वीसच्या वीस टेबलांवर तेच नापास गुलाब! पाहुण्यांना सोडून ते घड्याळ आणि भिंग घेऊन मुलीच्या मागे उभे राहिले. फोटोग्राफरने त्यांना तीनदा बाजूला केलं. तीनशे लोकांनी हात मिळवले. पंखे तर पाचवर होते.

सहा तास झाले. एकही पाकळी गळली नव्हती.

नापासकर कोपऱ्यातल्या खुर्चीवर आईशेजारी येऊन बसले. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून चांगला माल कधी परत गेला नव्हता.

"हाच गुलाब," ते म्हणाले. "पंखा तर इथे पाचवर. तुझ्या हातात सात पाकळ्या गळल्या."

आई समोर बघत राहिली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

नापासकरांनी आधी तिच्या हातांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. भिंग त्यांनी खिशात ठेवलं.

"फेरतपासणी करावी लागेल," ते म्हणाले. "सगळ्या जातींची. उद्यापासून."

"किती दिवस चालेल?" आईने विचारलं.

"ते तुझ्यावर आहे," नापासकर म्हणाले आणि सोमवारचा नमुना सांगायला फुलवालीला शोधत निघाले.