सोफा आत यायच्या आत

"आपल्यासारखा झपाट्यानं टपाल वाटणारा माणूस या खात्यात पुन्हा होणे नाही," असं पोस्टमनकाका भेटेल त्याला सांगत, आणि समोरच्यानं मान डोलावली की प्रामाणिकपणे पुढे जोडत, "एकदा वाटायला सुरुवात केली म्हणजे."

सुरुवातीचीच काय ती अडचण होती. काकांना दार दिसलं की बोलावंसं वाटे, आणि टपाल तर दारोदारच द्यायचं असतं. कुणाचा दात दुखतोय, कुणाची सून रुसलीय, कुणाची मांजर व्यालीय, हे सगळं साग्रसंगीत ऐकून झाल्यावर जिना उतरता उतरता त्यांना आठवे की आपण पत्र द्यायला आलो होतो. (एका घरी त्यांनी लग्नाची पत्रिका पोचवली तेव्हा नवरा-नवरीचं पहिलं भांडण चालू होतं. ते मिटवूनच काका पुढे गेले, हेही सांगायला हवं.)

तर अशा माणसाच्या हाती एक व्हिडिओ गेमचा डबा लागला. कुणीतरी घर बदलताना टाकून दिलेला. त्यात एकच खेळ होता, जुन्या जमान्यातला, चौकोनी चौकोनी माणसांचा. एक शूर वीर, त्याचे तीन सोबती. गावोगाव हिंडायचं, शेवटी डोंगराखालच्या किल्ल्यात जायचं आणि तिथल्या राक्षसाला मारायचं. काकांनी वीराचं नाव ठेवलं 'काका'. तलवारवाल्याचं 'मेव्हणा'. तोंडातून जाळ काढणाऱ्या चेटकिणीचं 'सासूबाई' (का ते विचारू नका, तुम्हालाही सासू असेल). आणि जखमांवर औषध लावणाऱ्या बाईचं नाव अर्थातच 'काकू'.

हा खेळ काका कित्येक वर्षं खेळत होते आणि राक्षसाला अजून पत्ताही नव्हता की आपल्याला कुणी मारायला येतंय. कारण खेळातल्या गावांत माणसं होती आणि माणसांना दारं होती. बटण दाबलं की माणूस एक वाक्य बोले. काका ते इंग्रजी वाक्य अक्षर अक्षर लावत मोठ्यानं वाचत, त्यावर आपलं मत देत आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाकडे परत जात. तो तेच वाक्य परत बोले. काकांना याचं मोठं कौतुक होतं. खरी माणसं रोज शब्द फिरवतात. नोकरी संपली तेव्हा काकांची सगळी दारं एका दिवसात बंद झाली होती. ही तेवढी उघडी राहिली होती.

पण काकूंनी सोफा घ्यायचं ठरवलं.

सोफा बसणार होता तो बरोबर जुन्या टीव्हीच्या आणि डब्याच्या जागी. दुसरी भिंत नव्हती. एका भिंतीला खिडकी, एकीला दार, एकीला काकूंचं शिवणयंत्र.

"टीव्ही आणि डबा भंगारवाल्याला," काकू म्हणाल्या.

"अगं, पण खेळ संपायचाय माझा."

"अहो, इतकी वर्षं संपत नाही म्हणजे एक तर डबा बिघडलाय नाही तर तुम्ही. तुम्हाला भंगारवाला घेणार नाही."

"मनात आणलं तर एका दुपारी संपवीन."

काकूंनी सुई-दोरा बाजूला ठेवला. "सोफा आत यायच्या आत संपवा. संपला तर डबा बेडरूममध्ये ठेवा, माझ्या उशाशी ठेवा, काही म्हणणार नाही. नाही संपला तर भंगार."

काका हो म्हणून बसले. मग घाबरले. मग काकू बहिणीला भेटायला निघाल्या तेव्हा त्यांच्याबरोबर साडूंकडे गेले.

साडू म्हणजे काकूंच्या धाकट्या बहिणीचे यजमान, विमा एजंट. विम्याशिवाय जगातल्या सगळ्या गोष्टींची त्यांना माहिती होती. त्यांनी मोबाइलवर दोन मिनिटं बोट फिरवलं आणि जाहीर केलं, "याला स्पीडरन म्हणतात, साडूभाऊ. जगभर लोक करतात. खेळ खेळायचा नाही, नुसता संपवायचा. नियम तीनच. कुणाशी बोलायचं नाही. कुणाशी लढायचं नाही, पळायचं. आणि ओझं न्यायचं नाही."

"ओझं म्हणजे?"

"सोबती. दर लढाईत प्रत्येकाची पाळी येते, वेळ जातो. वीर एकटा सुटला पाहिजे. तलवारवाला सोडा. चेटकीण मरू द्या."

"आणि औषधवाली?" काकांनी आवाज खाली आणला, कारण काकू स्वयंपाकघरात बहिणीशी बोलत होत्या आणि आत एकदम शांत झालं होतं.

"ती तर सगळ्यात जास्त वेळ खाते," साडू खणखणीत आवाजात म्हणाले. (विमा एजंटला दुसरा आवाजच नसतो.) "तिला पहिल्याच गावाच्या सराईत विश्रांतीला ठेवायचं आणि निघायचं."

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "कुणाला लॉजवर ठेवताय, भाऊजी?"

"खेळातल्या बाईला, ताई."

"नाव काय हो तिचं?"

साडूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

"बरं," काकू म्हणाल्या. लग्न झालेल्या वाचकांना या 'बरं'चा अर्थ सांगायला नको. न झालेल्यांनी मजेत राहावं.

मग योजना सुरू झाली. डब्याला हात न लावता काका घरभर फिरून रस्ता पाठ करू लागले. स्टूल म्हणजे पहिलं गाव. शिवणयंत्र म्हणजे जंगल. फ्रिज म्हणजे समुद्र. मोरी म्हणजे राक्षसाचा किल्ला. ओठ घट्ट मिटून, कुणाशी न बोलता, काका स्टुलापासून निघत आणि जंगलाला वळसा घालून समुद्रापाशी येत. तिथे काकू उभ्या असत.

"समुद्रातून दूध काढू का?" त्या विचारत.

काका उत्तर देत नसत. नियम पहिला. पुढे पुढे तर काका भाजीवाल्याशीही बोलेनासे झाले, आणि भाजीवाल्यानं काकूंकडे चौकशी केली की साहेबांचं काही दुखतंय का. एवढ्या तयारीत पंधरवडा गेला, आणि ज्या दिवशी सोफा यायचा तो दिवस उजाडला तेव्हा काकांच्या ध्यानात आलं की आपण खेळ एकदाही सुरू केलेला नाही.

तरी ते डगमगले नाहीत. एकच भीती होती, कुणी दार वाजवलं तर आपण बोलत बसणार. म्हणून त्यांनी स्वतःहून सुचवलं, "मला आत ठेवून बाहेरून कुलूप लाव. किल्ली तुझ्याकडेच ठेव."

"ती माझ्याकडेच असते," काकू म्हणाल्या. खरं होतं. काकांचा चष्मा, काकांचं तिकीट, काकांच्या गोळ्या, काकांची किल्ली, सगळं वर्षानुवर्षं काकूंच्या पर्समध्येच राहायला होतं. "सोफा संध्याकाळी येणार. तोवर मी बहिणीकडे जाऊन येते. तुमच्या मधे मधे येऊन वेळ नको खायला."

कुलूप वाजलं. काकांनी तीच चार नावं घालून खेळ पहिल्यापासून सुरू केला.

आता बटण दाबत सुटायचं, वाचायचं नाही, एवढंच काम. पण पहिल्याच गावात दुकानदार काहीतरी विचारत होता. काकांनी त्याचं बोलणं संपवायला धडाधडा बटण दाबलं, आणि पिशवी उघडून पाहतात तो नऊ लोखंडी टोप्या घेतल्या गेलेल्या. डोकं एक. तेवढ्यात राजा आला. लांबलचक भाषण केलं, रडला, काहीतरी हातात ठेवलं. तुमची पिशवी भरली आहे, असं काहीसं पडद्यावर आलं, मग आणखी काहीतरी विचारलं. काकांनी बटण दाबलं. राजा हसला. सगळं ठीक दिसत होतं.

सराईत त्यांनी काकूला पलंगावर झोपवलं आणि निघाले. मेव्हण्याला पुलावर सोडलं. सासूबाई पहिल्याच जंगलात गेल्या. काकांनी बटण सोडून हात जोडले. (इथे थोडा वेळ गेला.)

पुढे मात्र काय चाललंय ते काकांना कळेना. एका गावात लोक त्यांच्यावर फुलं उधळत होते, दुसऱ्या गावात दगड मारत होते, आणि दोन्हीचं कारण न वाचल्यामुळे काकांना ठाऊक नव्हतं. एक म्हातारा त्यांना "मुला" म्हणाला आणि मेला. एका ठिकाणी बहुधा त्यांचं लग्न ठरलं, कारण त्यानंतर हिरव्या झग्यातली एक बाई तीन गावं मागून मागून येत होती. काका पळत होते. नियम दुसरा. एकेका दारासमोरून जाताना त्यांचा अंगठा आपोआप वळे, आणि ते दुसऱ्या हातानं त्याला धरून ठेवत.

पण योजना फळाला आली. समुद्र ओलांडला, डोंगर आला, किल्ला आला. इतक्या वर्षांत न पाहिलेला काळा लोखंडी दरवाजा समोर आला आणि काकांच्या तोंडून शब्द निघाला, "आलो."

"आम्ही पण आलो," दाराबाहेरून उत्तर आलं. "सोफा कुठं ठेवायचा?"

सोफा आधीच आला होता. टेम्पोवाल्याला दुपारी दुसरं काम नव्हतं म्हणे.

काका दाराकडे वळले. दाराला टपालासाठी एक फट होती, वर पत्र्याची झडप. ती काकांनीच हौसेनं बसवून घेतली होती, जरी या घराची पत्रं ते हातानंच आणत (तीही उशिरा, असं काकू म्हणतात). जन्मभर काकांनी अशा फटींतून बाहेरून आत पाहिलं होतं. आज पहिल्यांदाच बाहेरून एक मिशी त्यांच्या घरात पाहत होती.

"काका, दार उघडा की."

"बाहेरून कुलूप आहे."

"मग तुम्ही आत कसे?"

"मीच लावायला सांगितलं."

बाहेर थोडा विचार झाला. मग मिशीवाल्याची नजर टीव्हीकडे गेली. "अरे वा. हा खेळ आम्ही पण खेळलोय. शाळा बुडवून. ए लांबड्या, बघ, शेवटचा दरवाजा." लांबड्या म्हणजे त्याचा जोडीदार. त्यानं जिन्यातच सोफा टेकवला होता आणि वर बसून स्प्रिंगा तपासत होता.

काकांना खरं तर बरंच वाटलं. सोफा आत आला नव्हता, म्हणजे पैज अजून चालू होती. त्यांनी दरवाज्यासमोर बटण दाबलं. पडद्यावर एक ओळ आली. दाबलं. तीच ओळ आली.

"काय म्हणतोय हा?" काकांनी विचारलं. त्यांचं इंग्रजी पाकिटांवरच्या पत्त्यांवरून शिकलेलं, त्यामुळे 'समोर', 'जवळ' आणि 'मागची गल्ली' यापलीकडे घाईत काही वाचता येत नसे.

मिशीवाल्यानं झडप आणखी वर केली. "किल्ली काकूकडे आहे, म्हणतोय. ही काकू कोण?"

"औषधवाली."

"हां, राजा सुरुवातीला देतो ती किल्ली. तुमच्या पिशवीत जागा नसेल म्हणून हिच्याकडे गेली. मग घ्या की तिच्याकडून. कुठाय ती?"

"सराईत ठेवलीय. पहिल्या गावात."

"लांबड्या," मिशीवाला हळू आवाजात म्हणाला, "औषधवाली मागं ठेवून आलेत."

"लग्न झालंय का त्यांचं?" लांबड्यानं विचारलं.

काकांनी आपली पिशवी उघडून पाहिली. टोप्या होत्या. नऊच्या नऊ. पहिलं गाव समुद्रापलीकडे, वाटेत दगड मारणारं गाव, वर ती हिरवी बाई.

"काका, आम्हाला पुढे कपाट पोचवायचंय," मिशीवाला म्हणाला. "दार उघडणार नसेल तर सोफा परत नेतो. मग पुढच्या महिन्यात बघू."

आता काकांच्या डोक्यात गोंधळाचा बाजार भरला. काकूंना बोलवावं तर दार उघडणार, सोफा आत येणार, डबा भंगारात जाणार. न बोलवावं तर सोफा परत जाणार, आणि मग भंगारवाल्याला कोण दिलं जाईल याची खात्री नव्हती. लढायचं नाही, पळायचं, असा नियम होता. पण दाराला कुलूप होतं. बोलायचं नाही असा नियम होता. काकांनी फोन उचलला.

"हॅलो," काकू म्हणाल्या.

"अगं, मी बोलतोय."

"बोला. मी विश्रांती घेतेय."

"सोफा आलाय. दारात उभा आहे."

"मग घ्या की आत."

"किल्ली तुझ्या पर्समध्ये आहे."

"हो, आहे."

काकांनी टीव्हीकडे पाहिलं. लोखंडी दरवाज्यासमोर चौकोनी वीर जागच्या जागी पाय हलवत उभा होता, जिन्यात चुकीच्या मजल्यावर आलेल्या पोस्टमनसारखा.

"आणि ती दुसरी पण," काका पुटपुटले.

"दुसरी कुठली?"

"राक्षसाच्या दाराची. ती पण तुझ्याच पिशवीत निघाली."

"म्हणजे घराची किल्ली माझ्याकडे, आणि राक्षसाची पण माझ्याकडे?"

"हो."

पलीकडे बहिणीनं काहीतरी विचारलं, काकूंनी तिला थांब म्हटलं. इकडे झडपेतून मिशीच्या जागी आता एक कान दिसत होता, आणि सोफ्याच्या स्प्रिंगांचा आवाज थांबला होता.

"अहो," काकू म्हणाल्या, "मग एवढ्या घाईनं तुम्ही निघाला होतात ते बरोबर काय घेऊन?"