कवडूची तेरवी

मनोहरने कवडूला रविवारी दुपारी मारले. कारण इतकेच, की शनिवारी पार्सल आले होते.

मारायला फार काही लागत नाही. "कवडू मशाल घेऊन पुढे सरकतो. गुहेचं छत करकरते," असे म्हणून मनोहरने वीस तोंडांचा फासा रघुनाथरावांपुढे ढकलला. रघुनाथरावांनी तो कपाळाला लावला आणि सतरंजीवर सोडला. एक आला.

"एक म्हंजे काय जी?"

"छत अंगावर."

"मंग? हात मोडला का पाय?"

"गेला."

"कुठी गेला?"

"रघुनाथराव, गेला म्हणजे मेला. आता वामन एकटा राहिला, अन् एकट्यानं काही गुहा होत नाही. डाव खतम." मनोहरने हे एका श्वासात म्हटले. तोवर त्याचा हात मागे, पलंगाखालच्या नव्या पेटीकडे गेलाही होता.

जिनिंगमध्ये कापूस जोखणारा काटेवाला वामन आपल्या कागदाकडे पाहत बसला. रघुनाथरावांनी चष्मा पुसून पुन्हा घातला आणि फाशावर अजून एकच आहे ना, ते पाहिले.

"कवडू मरत नसते, मनोहरबाबू."

ज्या घरात मुले जगत नाहीत, त्या घरात नवे मूल जन्मले की ते लगेच दुसऱ्याला विकतात. कवडी घेतात, मूल देतात आणि मग परक्याचे म्हणून आपल्याच अंगणात वाढवतात. यम येऊन विचारतो, हे कोणाचे? आमचे नाही, असे सांगतात. यम परत जातो. त्या मुलाचे नाव कवडू. रघुनाथरावांनी खेळातल्या आपल्या माणसाचे नाव विचार करून ठेवले होते. तलवार, ढाल, चिलखत यांतले त्यांनी काहीच घेतले नव्हते.

ते उठले. दारात चप्पल घालता घालता म्हणाले, "तेरवी झाल्याबिगर दुसरा डाव नाई."

मनोहर हसला. वामन हसला नाही.

खेळ पहिला, हेरांचा

परदेशातल्या एका स्टेशनावर धुके पडले होते. वामनने कोटाची कॉलर वर केली आणि लाल पेटीवाल्या माणसाला खुणेचे वाक्य सांगितले. तो माणूस हळूच वळला. त्याचा चेहरा पाहताच वामन

(पार्सल आले.)

खेळ दुसरा, भुतांच्या बंगल्याचा

रघुनाथराव जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होते. वर कंदील हलत होता. कंदील धरणाऱ्याला हात

(पार्सल आले.)

खेळ तिसरा, घोडेवाल्या डाकूंचा

"मी गोळी चालवतो," वामन म्हणाला. "माझा घोडा त्याच्या

(पार्सल आले.)

पार्सले अमेरिकेहून येत. मनोहरच्या बायकोचा, मालतीचा, भाऊ विजय तिकडे शिकायला गेला होता. त्याच्या खोलीवरची पोरे हे खेळ खेळून खेळून विटली, की तो पेट्या भावजींना पाठवून देई. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जाड पुस्तक, चार-सहा चमत्कारिक फासे आणि बाकी सगळे तोंडाने. एकाने सांगायचे, बाकीच्यांनी सोंग घ्यायचे. मनोहर पोस्टात पार्सलच्या खिडकीवर होता. शिक्का आणि शिक्का यांच्या मधल्या वेळात तो शब्दकोश घेऊन नियम वाची. नवे पुस्तक उघडले की त्याच्या कानशिलांना ऊब येई. अर्धे वाचून झाले की ती जाई, आणि तो पुढच्या पेटीची वाट पाहू लागे.

आख्ख्या पांढुर्ण्यात त्याला दोन खेळगडी मिळाले होते. बँकेतला एक जण एकदा येऊन बसला होता. त्याने विचारले, "यात जिंकते कोण?" कोणीच नाही, असे कळल्यावर तो चहाही न पिता गेला. उरले वामन आणि रघुनाथराव. रघुनाथरावांची संत्र्याची बाग, मुलगा भिलाईला, बायको पंचफुला दोन वर्षांपूर्वी गेलेली. रविवारची दुपार त्यांना कुठेतरी ठेवावी लागे. ते आले नाहीत तर वामन एकट्याने येणार नाही, आणि वामन आला नाही तर पलंगाखालची अंतराळयानांची पेटी म्हणजे नुसती रद्दी. हे मनोहरला सोमवारी कळले. त्या दिवशी रघुनाथराव डोके आणि मिशा साफ करून बाजारातून गेले.

सुतक

रघुनाथराव ओट्यावर घोंगडे टाकून बसले. डोके पाहून लोक येऊ लागले. बसायला आलेला माणूस फार विचारत नाही, आणि रघुनाथराव खोटे बोलत नाहीत. त्यामुळे सगळे व्यवस्थित बिघडत गेले.

"कोण गेलं जी?"

"कवडू."

"अरेरे. काय झालं होतं?"

"छत पडलं अंगावर."

"घराचं?"

"नाई. आत, खाली. मशाल घेऊन गेला होता."

आत, खाली आणि छत म्हटल्यावर या भागात दुसरे काय समजायचे? संध्याकाळपर्यंत कवडू खाणीत गेला होता. दुसऱ्या दिवशी बातमी सौंसरला पोचली आणि तिथले मजूर पुढारी नत्थूजी पहिल्या बसने येऊन ओट्यावर बसले.

"कोणाची खाण?" त्यांनी हळू आवाजात विचारले.

"खाण नाई जी. पण होतं ते सारं मनोहरबाबूचं."

"कोण मनोहरबाबू?"

"पोस्टातले."

नत्थूजी पोस्टात गेले. मनीऑर्डरच्या रांगेने त्यांना वाट दिली.

"तिकडे माणूस गाडल्या गेला अन् तुम्ही इथं शिक्के मारून राहिले?"

मनोहरचा हात वरच राहिला. "अहो, ती खाण नव्हती. गुहा होती."

"गुहा! म्हंजे परवानगीबी नव्हती. आत किती होते?"

"दोघं."

"दुसरा?"

"वामन. तो ठीक आहे. जिनिंगमध्ये आहे."

"छत पडणार हे तुम्हाले माहीत होतं का नव्हतं? खरं सांगा."

मनोहरने पोस्टमास्तरांकडे पाहिले. पोस्टमास्तर चष्म्यावरून त्याच्याकडे पाहत होते. रांगेतल्या एका बाईने डोळ्यांना पदर लावला.

"माहीत होतं," मनोहर म्हणाला. "पण तो खेळ होता हो."

"खेळ!" नत्थूजी रांगेकडे वळले. "ऐकलं? गरिबाचा जीव म्हंजे खेळ!"

त्या रात्री मालतीने त्याच्यापुढे ताट ठेवले आणि वाढायचे सोडून समोर बसली.

"अहो, तुम्ही जाऊन सांगून काहून नाही देत, की ते झूटमूट होतं?"

"सांगितलं मी. रघुनाथराव म्हणतात, झूटमूट होतं तर जिवंत करा."

"मग करा."

"नियमात बसत नाही."

"माणूस मारायचा नियम आहे अन् उठवायचा नाही?" मालतीने भाकरी ताटात टाकली. "विजयला लिहिते मी. म्हणावं, साड्या पाठव."

तेरवी

तेरवीच्या सकाळी रामाकोन्याहून रघुनाथरावांची थोरली बहीण वच्छला आली. तिला निरोप उशिरा आणि अर्धा मिळाला होता. गल्लीच्या तोंडापासूनच तिने सूर धरला. "कवडू गेला माय... कवडू गेला रे रघू..." अशी ती अंगणात शिरली, भावाच्या गळ्यात पडली आणि मध्येच थांबली.

"कोणता कवडू रे?"

रघुनाथरावांनी खांद्यावरचे उपरणे सारखे केले.

"कवडू तं केव्हाच गेला आपला. पंचफुलाच्या मांडीवर गेला. मीच होती ना जवळ."

"हा दुसरा, बाई."

वच्छलाबाईने त्यांच्या साफ डोक्यावरून हात फिरवला. मग ती चुलीकडे गेली आणि वड्याचे पीठ सैल झाले म्हणून सगळ्यांना बोलली.

पंगत बसली. वामन वाढत होता. "आमच्यात तेरवी-बिरवी नसते," तो मनोहरच्या पानावर कढी ओतत म्हणाला. "मी मानतबी नाई. पण मीच म्हटलं होतं ना त्याले, मशाल तुझ्यापाशी हाये, तू पुढं हो."

"वामन, अरे, तू कशाला..."

"खा तुम्ही."

नत्थूजींनी चार शब्द बोलायला उभे राहून वीस मिनिटे घेतली. शेवटी दोन मिनिटे सगळे स्तब्ध उभे राहिले. मनोहरही मान खाली घालून राहिला. त्याच्या पायांशी पिशवी होती आणि पिशवीत अंतराळाची पेटी. तेरवी झाली की डाव, असे रघुनाथराव स्वतः म्हणाले होते.

दुपारी लोक पांगले. नत्थूजी बससाठी निघून गेले. सतरंजीवर तिघे उरले. आत मालती आणि वच्छलाबाई भांडी आवरत होत्या. मनोहरने बरे दिसेल इतका वेळ जाऊ दिला आणि पिशवीत हात घातला.

"तर रघुनाथराव, आता आपण एका यानात आहोत. खाली पृथ्वी..."

"बायको होती का त्याले?"

वच्छलाबाई हात पुसत दारात उभी होती.

"कोणाला?"

"कवडूले. मेला त्याले."

पुस्तकात बायकोला रकाना नव्हता. मनोहर त्रासून म्हणाला, "असेल."

"असेल म्हंजे? हाये का नाई?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. न ठरणारी गोष्ट ठरवायची एकच रीत त्यांना ठाऊक होती. वामनने फासा टाकला. सतरा.

"आहे," मनोहर म्हणाला.

"पोटुशी हाये का?"

"बाई, आता हे..."

रघुनाथरावांनी फासा उचलला. कपाळाला लावला. वीस.

आत मालतीने नळ बंद केला.

"मंग तेरा दिवस झाले," वच्छलाबाई म्हणाली, "ते पोट्टी तिकडे एकटी काय करून राहिली? तुम्ही सारे इथं वडे खाऊन राहिले. कोणी गेलं का तिच्याकडे?"

वामन खाली बघू लागला. मनोहरने यानाचा नकाशा अर्धा उलगडला होता, तो तसाच राहिला.

"वामन," रघुनाथराव म्हणाले, "गुहेतून निघ. तिच्या घरी जायचं हाये."

खेळ पाचवा, अंतराळाचा

(पेटीत.)

खेळ चौथा, गुहेचा, पुढे

वच्छलाबाई रामाकोन्याला परत गेली नाही. खेळात, कवडूच्या घरी, ती सासू झाली. मालती आधी नुसता चहा द्यायला यायची. मग एका रविवारी तिने विचारले, घरात जळण आहे का. नव्हते. तेव्हापासून तीही सतरंजीवर बसू लागली. मनोहरला एवढे खेळगडी कधी मिळाले नव्हते, आणि त्याचे कोणी ऐकत नव्हते. त्याने दोनदा राक्षस आणून पाहिला.

"राक्षस येतो," तो म्हणाला.

"येऊ द्या," वच्छलाबाई म्हणाली. "वखरणी राहिली हाये. राक्षसाले म्हणा, बैल धर."

राक्षसाने बैल धरले. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याला वामनने सरळ कापूस वेचायला लावले. रविवारमागून रविवार त्या गुहेवाल्या पुस्तकातून कापूस निघाला, ज्वारी निघाली, गाय व्याली. सगळे जण दुपारी घरची कामे टाकून येत आणि इथे तीच करीत बसत. मनोहर सांगत गेला. सोडून द्यावे असे दर रविवारी त्याच्या मनात येई. संक्रांतीच्या सुमारास कवडूची बायको बाळंत झाली. मुलगा झाला.

"विका त्याले," रघुनाथराव लगेच म्हणाले.

"दाईला विकतात ना?" मालतीने विचारले.

"मागं दाईलेच विकला होता," वच्छलाबाई म्हणाली. "तिथंच चुकलं. दाईच्या हातात काय असते? ज्याच्या हातात मरण, त्यालेच विकायला पाहिजे होतं."

तिने पदराच्या गाठीतून एक कवडी सोडली आणि मनोहरच्या हातावर ठेवली.

"पोट्ट्याची किंमत म्हणून द्या मले परत. हाव. झालं. आता पोट्टं तुमचं, मनोहरबाबू. आमचं काही नाई."

मनोहर हसायला गेला. रघुनाथराव त्याच्याकडे पाहत होते. त्यांच्या डोक्यावर केस पुन्हा आले होते, पण पांढरे.

होळीच्या आदल्या आठवड्यात पोस्टात पार्सल आले. मनोहरने नियमाप्रमाणे मनोहरच्या नावाने सूचना लिहिली, शिक्का मारला, स्वतःला दिली आणि खिशात घातली. रविवारी ती खिशातच होती.

"विजयचं पार्सल आलं म्हणे," मालती म्हणाली. "पोस्टमास्तरीणबाई सांगत होत्या."

"पडू दे."

"उघडायचं नाही?"

"थांब ना. पोराला ताप आहे."

सतरंजीवर सगळे बसले होते. ताप तिसऱ्या रविवारीही उतरला नव्हता. आज उतरतो की चढतो, ते फासा सांगणार होता, आणि ज्याचे लेकरू त्याने फासा टाकायचा, असे वच्छलाबाईने ठरवून दिले होते. पुस्तकात तसा नियम नव्हता. मनोहरने शोधून पाहिला होता, रात्री, दोनदा.

"टाका, मनोहरबाबू," रघुनाथराव म्हणाले.

"टाकतो."

वामनने बिडी विझवली. बाहेरून तिगावकडे जाणारी मालगाडी गेली. तिचे सगळे डबे जाईपर्यंत मनोहर फासा मुठीत घोळवत राहिला.

"टाका ना."

"हो. टाकतो."

मालतीने त्याच्यापुढचा गार झालेला चहा उचलला. "अहो, टाकता का मी टाकू?"

मनोहरने मूठ आणखी घट्ट केली आणि हात सदऱ्याच्या आत घेतला.