स्कूटरवरून येणारी खुर्ची

आमच्या ऑफिसात रोज सकाळी एक खुर्ची स्कूटरवरून येते. लोखंडी, घडीची, मांडवात असते तसली. गुंडाप्पा तिला मागच्या सीटवर काथ्याच्या दोरीनं आवळून बांधतात. गेटात शिरताना वॉचमनला हॉर्न देतात, दोरी सोडून खिशात कोंबतात आणि खुर्ची काखेत मारून जिना चढतात. संध्याकाळी तीच खुर्ची परत घरी. आमच्याकडे खुर्च्या नाहीत असं नाही. गुंडाप्पांनाही सरकारी खुर्ची आहे. तिच्यावर ते फायली ठेवतात.

आणि घरच्या खुर्चीवर? तिच्यावरही ते बसत नाहीत. कित्येक वर्षं मी त्यांच्या समोरच्या टेबलावर काम करते आहे, पण गुंडाप्पांना बसलेलं मी पाहिलेलं नव्हतं. लिहिणं उभ्यानं, डबा खाणं उभ्यानं. एक घास माझ्या टेबलापाशी, पुढचा खिडकीत, भाकरी संपेपर्यंत माणूस जिन्यात पोचलेला. फोन आला की बोलत बोलत पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन येतात. त्यांच्याकडे बघत काम केलं तर माझेच पाय दुखायला लागतात, म्हणून मी टेबल थोडं तिरकं करून घेतलं.

खुर्ची असते ती येणाऱ्यासाठी. दारात कुणी घुटमळताना दिसलं की खटकन ती उघडली जाते.

"बस. उभ्या मानसाचं बोलनं मला ऐकाय येत न्हाय."

समोरचा कन्नड असला तर, "कुंदर्री, कुंदर्री!"

आमची नगरपालिका निपाणीच्या अलीकडे, हायवेला लागून. अर्धं ऑफिस मराठी बोलतं, अर्धं कन्नड, आणि भांडण लागलं की सगळे दोन्ही. इथे न लिहिलेला एक नियम होता. नळाची तक्रार घेऊन आलेला वकील आत येऊन बसे. आमचाच सफाई कामगार स्वतःच्या रजेचा अर्ज घेऊन आला तर दारात उभा राही. त्याला कुणी 'उभा राहा' म्हणत नसे. तोच राही.

गुंडाप्पांपुढे हे चालत नसे. एकदा गटारकामाचा मुकादम घाईत आला.

"आप्पा, गाडी चालू ठेवून आलोय. सही तेवढी मारा."

"काय म्हनलास?"

"सही, सही!"

"काय ऐकाय येईना बघ."

शेवटी मुकादम वैतागून टेकला. सही झाली. खाली गाडी तोवर बंद पडली होती. त्याबद्दल त्यानं गुंडाप्पांचा जो उद्धार केला, तो मात्र त्यांना उभ्यानंच स्वच्छ ऐकू आला.

खुर्चीच्या पाठीवर पिवळ्या रंगात काही लिहिलेलं होतं. नाव पुसलं होतं, 'मंडप' एवढंच वाचता येई. त्यावरून वसुली शाखेतला सुभाष त्यांना रोज छेडायचा.

"आप्पा, मांडववाल्याची खुर्ची परत कधी करनार?"

"कार्यक्रम संपला की."

"कसला कार्यक्रम?"

पण तोवर आप्पा जिन्यात.

मग वरून एक परिपत्रक आलं. कर्मचाऱ्यांमधली विविधता जपा, सगळ्यांना सामावून घ्या, समिती नेमा, कार्यक्रम करा, फोटो पाठवा. साहेबांनी दहा मिनिटांत समिती केली. बाई म्हणून मी, अल्पसंख्याक म्हणून पंपावरचे सलीमभाई, आणि अध्यक्ष गुंडाप्पा, कारण ते तसेही फिरतच असतात.

त्याच सुमारास कस्तुरी आमच्याकडे आली. आली म्हणजे, होतीच. पहाटे बाजारपेठ झाडायची. नोकरी करता करता दहावी झाली, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि बिल कलेक्टर म्हणून बढती मिळवली. पाणीपट्टीच्या काउंटरवर तिला टेबल मिळालं, कॉम्प्युटर मिळाला, खुर्ची मिळाली. आमच्या फोटोसाठी यापेक्षा चांगलं काय हवं होतं? बॅनर लावला. साहेबांनी तिला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. शेजारी मी, त्या शेजारी सलीमभाई. फोटो वर गेला. 'उत्तम' असा शेरा परत आला.

दुसऱ्या दिवसापासून कस्तुरीची खुर्ची नाहीशी व्हायला लागली.

सकाळी असायची. ती पाणी प्यायला उठली की सुभाषच्या टेबलापाशी निघायची. "व्हिजिटर आलतं, म्हनून घेतली." परत आणून ठेवली की तासाभरात मीटिंग हॉलमध्ये. मग कुणाची तरी मोडली म्हणून बदली. प्रत्येक वेळी कारण व्यवस्थित आणि बोलणं गोड. खरं कारण कुणी तोंडातून काढलं नाही. काढायची गरजही नव्हती, सगळ्यांना ठाऊक होतं. मी दोनदा सुभाषला फैलावर घेतलं. तो म्हणाला, "आक्का, तीच मागत न्हाय, तुम्हाला कशाला काळजी?"

ती खरंच मागत नव्हती. उभ्यानं काम करायची. पण आमचं काउंटर बुटकं. उभं राहून की-बोर्डवर बोटं चालवायची म्हणजे कमरेत वाकायचं. स्क्रीन नीट दिसत नसे, आकडे चुकत, पावती रद्द करावी लागे. रांग व्हरांड्यापर्यंत जायची आणि लोक ओरडायचे. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत बघू. नाही जमलं तर तिला परत फील्डवर पाठवा. उगाच तिचीही ओढाताण." साहेबांचा आवाज अगदी काळजीचा होता.

फील्ड म्हणजे झाडू. हे मी कस्तुरीला सांगितलं नाही. पण तिला कळलं. ऑफिसात जे सांगितलं जात नाही ते आधी कळतं.

गुंडाप्पांचा त्या दिवसांतला फेरफटका बघवत नव्हता. माझ्या टेबलापासून काउंटरपर्यंत, काउंटरपासून साहेबांच्या दारापर्यंत, परत खिडकी. एकदा ते साहेबांच्या केबिनमध्ये शिरले आणि चक्क साहेबांचीच खुर्ची काउंटरवर न्यायला निघाले. चाकं उंबऱ्यात अडकली म्हणून वाचलो.

शेवटी त्यांनी आपली घडीची खुर्ची काउंटरमागे उघडून ठेवली.

"ही कोन उचलनार न्हाय. खाजगी हाय. बस गं."

कस्तुरीनं खुर्चीकडे पाहिलं. "तुमी बसता काय हिच्यावर?"

"मला कुठं येळ हाय?"

"खुर्ची तुमची. तुमीच बसत न्हाय, आनि मी बसू? तुमी बसा आदी. मग मी बसते."

"अगं, माझं काय घेऊन बसलीस..."

"कुठं बसलीया?" कस्तुरी म्हणाली. "उबीच हाय की."

रांगेतले लोक हसले. गुंडाप्पा पाण्याच्या टाकीकडे निघून गेले. खुर्ची मिटून भिंतीला टेकली. रोज सकाळी ते ती उघडायचे, कस्तुरी 'तुमी बसा' म्हणायची, आप्पांना बाहेर काहीतरी तातडीचं आठवायचं. मला दोघांचाही राग यायचा. महिना संपत आला होता आणि ही माणसं एकमेकांना मान देत बसली होती. म्हणजे उभी होती.

अशात एक दिवस रांगेत एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, टोपी, हातात पाण्याचं बिल. कस्तुरी वाकून त्यांचा नंबर घालत होती. त्यांची नजर भिंतीकडे गेली.

"आरं, ही तर आमच्या मांडवातली!"

सुभाष तीरासारखा उठला. "आप्पा! ओ आप्पा! मालक आलं बघा खुर्चीचं!"

गुंडाप्पा जिन्यातून परत आले. म्हाताऱ्यानं त्यांना न्याहाळलं.

"तू शिपायाचा गुंडू न्हवं?"

"व्हय, मामा."

"अजून ठेवलीस व्हय रं ही?"

"म्हंजे ही चोरलेली न्हाय?" सुभाषचा चेहरा पडला.

"चोरी कसली? इकत घेतलीया त्यानं." मामांनी बिल काउंटरवर ठेवलं आणि आमच्याकडे वळले. "ह्याचा बाप हितंच शिपाई. साहेबाच्या दाराबाहेर उभ्यानं जल्म काढला. रिटायर झाला तवा वरच्या हॉलात सत्कार ठेवलता. खुर्च्या माझ्या. मधोमध त्याची मांडलती. पर बसलाच न्हाय बघा. शाल घेतली उभ्यानं, नारळ घेतला उभ्यानं. साहेब म्हनले, बसा. तर हा खुर्चीची पाठ धरून म्हनतोय, राहू द्या साहेब, सवय न्हाय. दुसऱ्या दिवशी हे पोरगं माझ्या दारात. म्हनला, तीच खुर्ची द्या. मी म्हनलो, लेका, हितं ढीग पडलाय, समद्या सारख्या. ह्यानं समदा ढीग उपसला. आनि काढली की हो! कशी वळखलीस रं?"

"एक पाय आखूड हाय तिचा," गुंडाप्पा म्हणाले. "आबा धरून उभं हुतं तवा डुगडुगत हुती."

"मग घरी तरी बसले काय आबा?" कस्तुरीनं विचारलं.

"कुठलं! टॉवेल वाळत घालायचे तिच्यावर."

रांगेत कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

कस्तुरी भिंतीची खुर्ची घेऊन काउंटरमागून बाहेर आली. तिनं ती उघडली, फरशीवर ठेवली आणि डुगडुगू नये म्हणून पाठ दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. गुंडाप्पांनी जिन्याकडे पाहिलं. जिन्याच्या वाटेत सगळी रांग उभी होती.

ते बसले.

बसले म्हणजे कडेला टेकले. आता कुणीतरी 'उठा' म्हणेल अशा बेतानं. गुडघ्यांचं काय करायचं हे त्यांना समजेना. हात एकदा मांडीवर, एकदा पोटावर. एक पाय सारखा हलत होता. एवढा अवघडलेला माणूस मी दातांच्या दवाखान्यातही पाहिलेला नाही. पण बसले. मग त्यांनी मान वळवून मागे पाहिलं, कस्तुरीच्या हातांकडे. बराच वेळ पाहत राहिले.

"झालं," असं म्हणून ते उठले. नाक पुसलं. "बस आता. लाइन वाढली."

कस्तुरी खुर्ची काउंटरमागे घेऊन बसली. मामांची पावती पहिल्या फटक्यात निघाली.

मी उठून सुभाषच्या टेबलापाशी गेले. म्हटलं, "ही खाजगी मालमत्ता आहे. हलली तर मी साहेबांकडे जाणार नाही, सरळ पोलिसात जाईन." माझ्या बोलण्यावर सुभाषचा विश्वास असतो. महिनाअखेरीला साहेबांनी काउंटरचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. रांग व्हरांड्यातून आत आली होती, तेवढं पुरे होतं.

कस्तुरी बसली त्या दिवशी संध्याकाळी गुंडाप्पा रिकाम्या हातानं जिना उतरले. खिशातून दोरी काढली, स्कूटरच्या रिकाम्या सीटवर आवळून बांधली, मग काय केलं ते लक्षात येऊन सोडली. सुभाष खिडकीतून ओरडला, "आप्पा, संपला काय कार्यक्रम?" त्यांनी हात हलवला. हो की नाही, ते कळलं नाही.

फिरणं काही थांबलेलं नाही. घास अजून जिन्यातच संपतो. दारात कुणी घुटमळलं तर आता सरकारी खुर्चीवरच्या फायली जमिनीवर जातात आणि ती पुढे येते. बसायचं म्हणाल, तर त्या दिवसानंतर मी त्यांना पुन्हा बसलेलं पाहिलेलं नाही.

परवा कस्तुरीनं जेवणानंतर हात धुऊन टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि कॉम्प्युटरकडे वळली. गुंडाप्पा फोनवर बोलत टाकीकडे निघाले होते. काउंटरमागून जाताना ते थांबले. फोनमधला माणूस बोलतच होता. त्यांनी टॉवेलची एक बाजू खाली ओढून सारखी केली, मग दुसरी, आणि मधली सुरकुती तळहातानं काढली. कस्तुरीला पत्ता नव्हता. ती पावत्या काढत होती.

मग फोनमध्ये म्हणाले, "हां, बोला," आणि चालू लागले.